बोरसे सर आणि आमची हार्ड डिस्क

बोरसे सरांशी तुम्ही बोलायला लागलात की ते तुमचं बोलणं स्वतःच्या मांडीवर टाइप करून घेतात. गंमत म्हणून सांगत नाही, खरोखर. "सर, आज नळ आला नाही का?" एवढं विचारलं तरी पँटीवर बोटं चालायला लागतात. उजवा अंगठा मधूनमधून स्पेस देतो. वाक्य लांबलंच तर डावा हात हवेत उठतो आणि नसलेल्या टाइपरायटरचा नसलेला गाडा सरकवून पुन्हा मांडीवर येतो. माझे सासरे गेले तेव्हा सर भेटायला आले होते. सासूबाई रडत रडत शेवटच्या दिवसाचं सांगत होत्या आणि सर मान खाली घालून, डोळे ओले करून सगळं टाइप करत होते. सासूबाईंना वाटलं, बिचाऱ्याच्या हातांना कंप सुटलाय. दुसऱ्या दिवशी त्यांनी सरांकडे चोळायला तेल पाठवलं. सरांनी ते ठेवून घेतलं आणि काही दिवसांनी "फार उपयोग झाला" असा निरोपही दिला.

धुळ्याला देवपुरात आमच्या समोरच त्यांचं घर. वर राहणं आणि खाली टायपिंगचा क्लास. "धुळ्यातल्या निम्म्या सरकारी कचेऱ्या माझ्या हातांखालून गेल्यात," असं ते म्हणतात. मीही त्यातलीच. पाटबंधारे खात्यात चिकटले ते सरांच्या हाताखाली शिकून. अजून ऑफिसात कीबोर्डकडे खाली बघितलं की मागून कुणीतरी "नजर वर!" म्हणून ओरडेल अशी भीती वाटते. "नजर वर" हा त्यांचा मंत्र. "बोटांना डोळे असतात," असं ते म्हणायचे, "आणि ज्याच्या बोटांना डोळे नाहीत त्यानं भाजीचं दुकान टाकावं." एकदा एका भाजीवाल्याच्या मुलीसमोर हे बोलून गेले. नंतर दोन महिने तिच्याच वडिलांकडून गरजेपेक्षा जास्त वांगी घेत होते.

पुढे सरकारनं टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर नेली. सरांनी टाइपरायटर भंगारात दिले आणि कॉम्प्युटर आणले, पण माउसशी त्यांचं कधी जमलं नाही. "हात कीबोर्डवरून उचलला की टायपिस्ट संपला," असं म्हणून त्यांनी क्लासमधल्या प्रत्येक माउसवर हातरुमाल टाकून ठेवला. एखाद्यानं रुमालाखाली हात घातला तर ते असा चेहरा करत की जणू त्यानं कुणाच्या खिशात हात घातलाय.

मग त्यांना लिनक्स सापडलं. काळी पाटी, पांढरी अक्षरं, आणि जे हवं ते लिहून सांगायचं. सर हरखून गेले. "ताई, हे यंत्र वाचतं!" मला गेटाशी थांबवून म्हणाले. "आपण लिहायचं, त्यानं करायचं. एवढी शिस्त तर शाळेतसुद्धा राहिली नाही." तेव्हापासून गल्लीतल्या कुणाचाही कॉम्प्युटर मंद झाला की सर हजर. डिस्कची वाटणी करणं हे त्यांचं आवडतं काम. एकाच डिस्कचे भाग पाडायचे, एकावर यंत्रणा, एकावर घरचं सामान. त्यासाठी त्यांच्याकडे एक छोटीशी कमांड होती. ती चालवताना ते मंत्र म्हटल्यासारखं मोठ्यानं बोलत. "डी म्हणजे जुना भाग काढ. एन म्हणजे नवा पाड. पी म्हणजे दाखव. आणि डब्ल्यू म्हणजे लिहून टाक. डब्ल्यू दाबेपर्यंत काहीच झालेलं नसतं, ताई. क्यू दाबून मुकाट बाहेर पडा, कुणाला पत्ता लागणार नाही. माणसाच्या वाटणीत अशी सोय असती तर कोर्टं ओस पडली असती."

आमचा कॉम्प्युटर जुना. गौरी, माझी मुलगी, जळगावला इंजिनीअरिंगला गेली तेव्हापासून तो बाहेरच्या खोलीत झाकून पडला होता. पण त्यात तिच्या जन्मापासूनचे फोटो, व्हिडिओ, सगळं होतं. दुसरीकडे कुठंच नव्हतं. डिस्क कुरकुरायला लागली म्हणून संजयनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, नवी डिस्क आणली. सर एका रविवारी सकाळी पेनड्राइव्ह घेऊन आले. जुनी डिस्क आणि नवी डिस्क, दोन्ही जोडल्या. नव्या डिस्कचे भाग पाडायचे आणि मग जुन्यातलं तिच्यात उतरवायचं, असा बेत. यंत्राच्या लेखी जुनीचं नाव ए नं संपत होतं आणि नवीचं बी नं.

मी चहा ठेवला. सर संजयला सांगत होते की हल्लीची मुलं एकेक अक्षर शोधतात, कोंबडी दाणे टिपते तसं. "आणि खरा टायपिस्ट? तुमच्याकडे बघत बोलतो आणि हात आपलं काम करत असतात. बघा." आणि संजयकडे बघत, हसत, त्यांनी डिस्कचं नाव टाकून सटासट डी, एन, डब्ल्यू केलं. नंतर फॉरमॅटसुद्धा. पी दाबलंच नाही. पी म्हणजे दाखव. त्यांना बघायचं नव्हतंच.

चहा घेऊन मी बाहेर आले तेव्हा सर पडद्याकडे बघत होते. मांडीवरची बोटं थांबली होती. त्यांची बोटं थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"ए पडलं," ते म्हणाले.

"काय पडलं सर?"

"बी च्या जागी ए. करंगळी..." मग ते एकदम शिरपूरकडच्या त्यांच्या गावच्या बोलीत गेले. "बठ्ठं गयं, ताई. बठ्ठं गयं मन्हा हाते."

सगळं गेलं म्हणजे काय गेलं, हे मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण सरांनी ते मांडीवर उतरवून घेतलं नाही एवढं आठवतं. संजय मला "अगं, अगं" करत होता. सर उभे राहिले, पुन्हा बसले, पुन्हा उभे राहिले. चहा तसाच राहिला. जाताना ते दाराशी चप्पल शोधत होते आणि चप्पल पायातच होती.

दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप. त्यानंतरही. संध्याकाळी खाली गेटाशी उभे राहणारे सर दिसेनात. मी भाजीला निघाले की वरची खिडकी लागायची. एकदा पाचकंदीलच्या बाजारात समोरासमोर आलो तर ते सरळ एका बांगड्यांच्या दुकानात शिरले आणि मी जाईपर्यंत बांगड्या बघत राहिले. माझा राग तोपर्यंत ओसरायला लागला होता. गौरीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आई, बिचारे सर! जेवतात तरी का विचार." मला माझीच लाज वाटली. मी डबा घेऊन गेले.

सरांनी दार अर्धवट उघडलं. आत आमची जुनी डिस्क त्यांच्या कॉम्प्युटरला जोडलेली होती. ती त्यांनी केव्हा नेली हे संजयलाही माहीत नव्हतं, असं संजय म्हणतो, पण माझा त्याच्यावर विश्वास नाही.

"पुसलं म्हणजे वरचं नाव पुसलं," सर जमिनीकडे बघत म्हणाले. "खालचं बरंचसं तसंच असतं. उकरून काढणारं एक साधन आहे. निघतंय, ताई. पण नावं गेली. नुसते आकडे आहेत. कुठला फोटो कोणाचा, यंत्राला माहीत नाही."

"असू द्या हो सर. आम्ही बघू."

"नाही. बिननावाचं परत देणार नाही."

मग सुरू झाला एक विचित्र काळ. सर रोज संध्याकाळी गेटाशी येऊन विचारत, "ताई, हिरव्या साडीतल्या ठेंगण्या बाई कोण? केक कापताना रडतायत त्या." मी सांगायचे, नणंद. "आणि टक्कल असलेले, प्रत्येक फोटोत डोळे मिटलेले?" नणंदोई, म्हणजे तिचेच यजमान. सर मान डोलवून जात आणि नावं लिहीत. हळूहळू आमचं अख्खं गोत त्यांच्या ओळखीचं झालं. एका लग्नात नणंदोई भेटले तर सर त्यांना ओळख नसताना म्हणाले, "गुडघा कसाय? गौरीच्या बारशाला फारच लंगडत होतात." नणंदोई अजून मला विचारतात, तो माणूस कोण होता.

आम्ही हसत होतो. आणि असंच हसता हसता एका दुपारी ऑफिसात माझा हात फायलीवरच थांबला. त्या डिस्कमध्ये भरीत पार्टीचा व्हिडिओ होता.

एरंडोलला माझ्या माहेरच्या मळ्यात दर हिवाळ्यात भरीत करतात. त्या वर्षी सगळी गल्ली नेली होती. सरांच्या क्लासची परीक्षा होती म्हणून ते आले नव्हते. आणि ते नाहीत म्हणून संजयनं भरिताच्या पातेल्याशेजारी उभं राहून त्यांची नक्कल केली होती. मांडीवर बोटं, हवेतला गाडा, "नजर वर", सगळं. व्हिडिओ मी काढत होते. त्यात माझाच आवाज आहे, "अजून एकदा! अजून एकदा!"

घरी येऊन संजयला सांगितलं तर त्याचा घास तोंडातच राहिला. तो त्याच संध्याकाळी सरांकडे गेला. "सर, पुष्कळ झालं. उरलेलं राहू द्या. डिस्क द्या."

सर म्हणाले, "अर्धा उतारा टाइप करून पेपर देत नसतात."

आणि त्यानंतर सर गेटाशी येईनासे झाले. प्रश्न थांबले. सरांनी व्हिडिओ पाहिला, आम्ही समजलो. आता आमची पाळी होती. संजय स्कूटर ढकलत कोपऱ्यापर्यंत नेऊन तिथं सुरू करायला लागला. मी बाल्कनीत कपडे वाळत घालायचे तेही चादरीच्या आडून. ज्या माणसानं आपल्या चुकीपायी आमच्या घरातला एकेक चेहरा धुऊनपुसून परत आणला, त्याला शेवटी आम्ही काय दाखवलं, तर त्याच्यावर हसणारे आम्हीच.

एका रविवारी सर आले. डिस्क रुमालात बांधलेली. आम्ही दोघं शाळेतल्यासारखे उभे.

"सगळं आलंय असं नाही," ते म्हणाले. "काही गेलं. त्याबद्दल..." ते रुमालाची गाठ सोडायला लागले. मग म्हणाले, "एरंडोलचा एक व्हिडिओ आहे."

"सर, ते आम्ही आपलं सहज..." संजय म्हणाला.

"नक्कल बरी आहे. खांदे जास्त उडवता." सर खुर्चीच्या अगदी कडेला बसले. "तुमच्यानंतर ही उठते."

ही म्हणजे काकू. सरांच्या बायको. भरीत पार्टीनंतरच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. व्हिडिओत पुढे त्या आहेत हे मी पार विसरले होते. संजयची नक्कल झाल्यावर स्वतः नक्कल करून दाखवायला काकू पदर खोचून उठल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अस्सं नही वो! मी दाखाडस."

"माझ्याकडे तिचे फोटो आहेत," सर म्हणाले. "आवाज नव्हता. घरात ती तोंडाला पदर लावून हसायची. एवढ्या मोठ्यानं हसते, हे मला... तुमची वस्तू आहे. न विचारता उतरवून घेणं बरं नाही. म्हणून विचारायला आलो."

डिस्क त्यांच्याच घरी होती, इतके दिवस. हात त्यांचा, यंत्र त्यांचं. आणि ते विचारायला आले होते.

संजयनं डिस्क जोडली आणि व्हिडिओ लावला. त्याची नक्कल त्यानं घाईघाईनं पुढं सरकवली. मग काकू आल्या. हातात पिशवी धरल्यासारखं करून त्या सांगत होत्या की मी माहेरी निघाले की हे स्टँडवर पोचवायला येतात. एसटीची पाटी पुन्हा पुन्हा वाचतात. काही बोलत नाहीत. गाडी सुटायला लागली की खिडकीशी येऊन विचारतात, "चावी कोठे शे?" आणि चावी यांच्याच हातात. मग गाडीबरोबर चालत परत केव्हा येणार तेच विचारत राहतात, "तू कव्हय येशी?" पुन्हा, "कव्हय येशी?" गाडी वळली तरी, "कव्हय येशी?" आणि काकू पोट धरून, तोंड उघडं टाकून, मळाभर ऐकू जाईल असं हसत होत्या.

व्हिडिओ संपला.

"इतक्यांदा नव्हतो विचारत मी," सर म्हणाले.

थोड्या वेळानं म्हणाले, "विचारायचो."