ट्रामला हळद

"शनिवारी ट्रामची पहिली फेरी मी मारणार आहे, बाबा," असं धैर्यशीलने विमानतळावरून गाडी बाहेर काढता काढताच सासऱ्यांना सांगून टाकलं. जरा दम धरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण दम धरेल तो जावई कसला!

काशिनाथराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनियर. जावयाबद्दल त्यांचं लग्नापासून एकच मत होतं: "मुलगा चांगला आहे हो, पण नुसता कॉम्प्युटर बडवतो." हे मत खोडण्यासाठी सॉफ्टवेअर इंजिनियर धैर्यशीलने न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चमध्ये ट्राम शोधली. शहराच्या हॉर्नबी उपनगरातल्या एका शेडमध्ये काही हौशी म्हातारे शंभर वर्षांपूर्वीची ट्राम दुरुस्त करत होते. सगळे गोरे, सगळे निवृत्त, सगळ्यांचे गुडघे गेलेले. त्यांच्यात हा एकटा तरणाबांड, तेव्हा लाकूड घासायचं काम याच्याच गळ्यात. थंडीत बोटं बधीर होईस्तोवर घासलं बिचाऱ्याने. शेवटी त्यांच्या कमिटीचा अध्यक्ष ग्रॅहम म्हणाला, "उद्घाटनाला तूच चालव, मेट." मेट म्हणजे दोस्त. त्या दिवशी गडी हवेत तरंगतच घरी आला होता.

गुरुवारी ऑफिस सुटल्यावर तो सासऱ्यांना ट्राम दाखवायला घेऊन गेला. हिरवा आणि सायीसारखा रंग, पितळी दांडे, सगळं लखलखत होतं. काशिनाथरावांनी ट्रामभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "पूजा केलीत?"

"कसली पूजा?"

"नवीन गाडीची! आम्ही स्कूटरसुद्धा पूजेशिवाय रस्त्यावर आणली नाही."

"बाबा, ही शंभर वर्षांची आहे."

"तुमच्या हातात नवीनच ना?"

काशिनाथराव तर पिशवीतून सगळं घेऊनच आले होते. चार चाकांखाली चार लिंबं गेली. नारळ फुटला. आता हळद-कुंकू. दोन बोटं टेकवली असती तर भागलं असतं, पण कामं मोकळ्या हाताने करायची खात्यातली सवय! ओल्या हळदीचा अख्खा पंजा सायीच्या रंगावर थाडकन बसला. आणि तो रंग अजून नीट वाळलेला नव्हता.

"अहो बाबा! हे काय केलंत!"

"पुसा की मग. ओरडता कशाला?"

पुसलं तर पंजाचा कलिंगडाएवढा डाग झाला. मग धैर्यशीलने शेडमधली कपडे धुवायची पावडर शोधली आणि दोघांनी मिळून डाग घासला. पिवळा डाग बघता बघता लालभडक झाला. आता मात्र दोघांची पाचावर धारण बसली. धैर्यशीलने बायकोला फोन लावला.

"हळदीला साबण लावलात?" स्वरदा किंचाळली. "अरे, लाल होते ती! दोन-दोन इंजिनियर तुम्ही, एकालाही माहीत नाही?"

"आता काय करू ते सांग!"

"उन्हात ठेव. उडून जाईल."

"ट्राम आहे ती, स्वरदा. पापड नाहीत!"

शुक्रवारी रंगाचं बघणारा कॉलिन शेडमध्ये आला आणि डागापाशी थबकला. ऑफिसातून आलेला धैर्यशील सासऱ्यांसह मागेच उभा होता. कॉलिन गुडघे दुखत असूनही खाली बसला, भिंग लावलं, डागावरून बोट फिरवलं आणि ओरडला, "मूळ रंग! आतला मूळ रंग वर येतोय!"

मंडळी गोळा झाली. एकाला त्यात गंज दिसला, एकाला गेरू, एकाच्या तर डोळ्यांत पाणी आलं. चहा संपायच्या आत कमिटीने ठरवून टाकलं: सगळा नवा रंग खरवडायचा, इतिहासाला न्याय द्यायचा. उद्घाटन? होईल पुढच्या वर्षी, बहुतेक.

"गप्प बसा हं," काशिनाथराव कुजबुजले. "कळलं तर मला डिपोर्ट करतील."

धैर्यशील रात्रभर कूस बदलत राहिला. सासरे महिन्याभराने पुण्याला परत जाणार. ते परत कधी येणार, आणि आले तरी ट्राम तयार असणार का? अगदी रडू यायचं बाकी होतं. शनिवारी सकाळी उद्घाटनाऐवजी खरवडणं सुरू झालं, तेव्हा त्याने चहाच्या सुट्टीत ग्रॅहमला बाजूला घेतलं आणि सगळं कबूल केलं. "हळद आहे ती. स्वयंपाकाची. डाग एवढाच आहे, रंग देऊ आणि उद्घाटन करू."

"माहीत आहे, मेट," ग्रॅहम शांतपणे म्हणाला. "कॉलिनने कालच चाटून पाहिलं."

"आणि तरीही खरवडताय?"

ग्रॅहमने इकडेतिकडे पाहिलं. "मागची ट्राम पुरी झाली तेव्हा आम्हाला शनिवारी घरी बसावं लागलं होतं. कॉलिनच्या बायकोने त्याला मॉलमध्ये पडदे निवडायला नेलं. ही पण संपणार म्हणून आमची झोप उडाली होती. तुझ्या सासऱ्यांनी वाचवलं बघ."

"आणि माझी पहिली फेरी?"

"हां, ते..." म्हणत ग्रॅहमने ट्रामकडे पाहिलं.

तिथे काशिनाथराव केशरी जॅकेट चढवून कॉलिनच्या शेजारी दणादण खरवडत होते. एक मराठीत, एक इंग्रजीत, दोघेही हल्लीच्या रंगांना मनसोक्त शिव्या देत होते. जावयाला पाहून ते थोडे लाजले.

"मी नकोच म्हणत होतो हो. पण कमिटीने एकमताने ठरवलंय, पहिली फेरी मीच मारायची. स्वरदाला म्हणावं, व्हिसा वाढवता येतो का बघ." मग जावयाच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी समजूत घातली, "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. मागे तिकिटं फाडायला कुणीतरी लागेलच की!"