हातचा एक

तालीमखात्याचे, म्हणजे शिक्षणखात्याचे, नाझर भुजंगराव शाळा तपासायला आले, की खुर्चीकडे पाहतही नसत. सरळ शेवटच्या रांगेत, पोरांच्या मध्ये तरटावर मांडी घालत. गुडघे दोन्हीकडच्या पाट्यांवर चढत. थोड्याच वेळात त्यांचे बोट वर होई : "मला समजलं न्हाई, मास्तर."

गेवराईकडच्या त्या गावात आमचे घर शाळेला लागून होते. मधल्या भिंतीच्या झरोक्यातून खडूची धूळ आणि शब्द दोन्ही माझ्या चुलीपाशी येत. आमचे हे तिथले सदर मुदर्रिस, म्हणजे मुख्याध्यापक. शेरा वाईट पडला तर बदली ठरलेली. म्हणून भुजंगराव पहिल्यांदा येणार तेव्हा यांनी आठ दिवस शिकवणे सोडून हजेरीपट सुवाच्य लिहून काढले होते. भुजंगरावांनी ते उघडलेसुद्धा नाहीत.

"सात नि पाच बारा. दोन मांडा, हातचा एक," हे सांगत होते. बोट वर झाले.

"कावून?"

"कावून म्हंजे? रीत हाय, साहेब."

"पर हातचा जातो कुठं?"

"ह्यो सायब लई ढ हाय!" एक पोरगे कुजबुजले.

"म्हणून तर मागं बसलो, बाबा."

हे घामाघूम. अखेर झरोक्यातून त्यांनी माझ्याकडे कडब्याची धाटे मागितली. दहा काड्यांची पेंढी बांधली आणि ती जमिनीवर आखलेल्या दशकाच्या घरात सरकवली.

"आरं, पेंढीच की हातचा!" वर्ग ओरडला. भिंतीपलीकडून इतका मोकळा आनंद मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

पुढच्या खेपेस भुजंगराव म्हणाले, "आता हाताखालच्या मास्तरांच्या वर्गात तुमी मागं बसा, मी शेजारी. चूक काढायची न्हाई. समजलं न्हाई, तर बोट वर." शेवटच्या रांगेत दोन पागोटी शेजारी शेजारी डुलताना पाहून मी पदराआड हसले.

त्या दुपारी ओसरीवर यांनी सहज विचारले, "साहेब, तुमच्या वर्गात मागं कोण बसायचं?"

भुजंगरावांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"मी बारा साल मुदर्रिस व्हतो. नाझर यायचे, पट बघायचे, पान खायचे, जायचे. माझा एक धडा कुणी ऐकला न्हाई. घरी आमची मंडळी ऐकायची, ती वारली. आता वाटेनं घोड्याला शिकवतो. पर ते लगेच मान हलवतं. त्याला समदंच समजतं."

जेवण होताच हे उठले. त्यांना वर्गात नेऊन त्यांच्या हाती खडू दिला आणि स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसले.

भुजंगरावांनी हातचा शिकवला. आवाज सावकाश उमलत गेला. उन्हे कलली. धडा संपला.

"समजलं?"

"समजलं!" पोरे ओरडली.

त्यांनी मान डोलावली आणि पागोट्याकडे हात नेला. तेवढ्यात मागच्या रांगेत एक बोट वर झाले.

"मला न्हाई समजलं, साहेब," हे म्हणाले. "पुन्हा सांगा."

बाहेर घोडे खूर आपटत होते. आत खडू पुन्हा फळ्याला लागला.