अदेय अब्रेहेत यांच्या निद्रानाशाचे प्रकरण

कॅनडातल्या विनिपेगच्या नवागत साहाय्य केंद्रात अदेय अब्रेहेत यांनी तक्रार नोंदवली की, तीन आठवडे आपल्याला झोप नाही. अदेय म्हणजे आई. आम्ही एरिट्रियातले लोक वयस्क बाईला तसंच म्हणतो. तक्रार घेणारा मी, किफ्लोम. सोळा वर्षांपूर्वी याच केंद्रात ब्लँकेट मागायला आलो होतो. आता टाय लावून ब्लँकेट मागणाऱ्यांच्या मुलाखती घेतो. मानसिक आघातावरची सहा प्रशिक्षणं मी पूर्ण केली आहेत.

"झोप का येत नाही?" प्रशिक्षणात शिकवलेल्या हळू आवाजात मी विचारलं.

"दाराचं कुलूप मोडलंय. ढकललं की उघडतं."

"दार," मी लिहून घेतलं. "दाराकडे पाहिलं की काय आठवतं?"

"कुलूप आठवतं."

कुलूप हा दुरुस्ती विभागाचा विषय. पण तो विभाग मार्चमध्ये बंद करून त्या जागी आघात विभाग काढला होता, आणि आघात विभाग म्हणजे मीच. "मग मीच एक कडी आणून ठोकते," अदेय म्हणाल्या. केंद्राने दिलेल्या घराच्या दाराला भोक पाडायला मनाई आहे, हे मी त्यांना नियम क्रमांकासह सांगितलं.

आमच्या प्रमुख डार्लीनबाई मनाने फार चांगल्या. टिपण वाचून त्यांचे डोळे भरून आले. "कुलूप हे प्रतीक आहे, किफ्लोम. ही बाई आपल्याला काहीतरी सांगू पाहतेय."

"कुलूप मोडलंय असं सांगतेय," मी म्हणालो. माझ्यातला जुना किफ्लोम अधूनमधून असं डोकं वर काढतो. डार्लीनबाईंनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मला सातव्या प्रशिक्षणाला पाठवलं.

तिथून परतलो तो कुलूप प्रतीक असल्याची पक्की खात्री करूनच. अदेयना दर गुरुवारी दुपारी श्वसनवर्ग लावून दिला.

"अरे पोरा, घरात असते तेव्हा मी दाराला कपाट लावून बसते," त्या वैतागून म्हणाल्या. "मी बाहेर पडले तर आतून कपाट कोण लावणार? तुझी डार्लीन?"

'घराबाहेर पडण्याची भीती,' मी विहित रकान्यात लिहिलं. गैरहजर राहिल्यास घराचा फेरविचार होईल, हेही प्रेमाने सांगितलं. तेव्हा त्या आल्या. डोळे मिटून, पोट फुगवून, तासभर त्यांनी श्वास घेतला. वर्गाची प्रगती उत्तम असल्याचा शेरा मी त्याच दिवशी मारला.

त्याच तासात कुणीतरी त्यांचं दार ढकललं. परकराच्या शिवणीत लपवून वाळवंटातून आणलेल्या, सैनिकांना आणि दलालांनाही न सापडलेल्या त्यांच्या आईच्या सोन्याच्या कुड्या गेल्या.

शुक्रवारी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. मला फार लाज वाटली. पण लाजेसाठी रकाना नसल्याने मी नवा अर्ज काढला आणि पात्रतेची अट वाचली. आघात विभागाची मदत योजना फक्त या देशात येण्यापूर्वी झालेल्या आघातांसाठी होती. हा आघात इथलाच, अगदी ताजा, आमच्याच वर्गाच्या वेळात झालेला.

"म्हणजे मला झोप येत नाही, हे खरं की नाही?" त्यांनी विचारलं.

"खरं आहे, अदेय. पण पात्र नाही."

मग त्या म्हणाल्या, "किफ्लोम, तुझ्या दाराला कुलपं किती?"

"तीन."

"आणि कडी?"

"एक. म्हणजे, दोन."

"कुणी बसवल्या?"

"मीच."

"भोक पाडून?"

मी होकारार्थी मान हलवली. त्या शाल सावरून उठल्या आणि घाईघाईने निघाल्या, कारण घर उघडं होतं.

तुम्ही मला हसत असाल. खुशाल हसा. तुमच्या दाराला कडी आहे, म्हणून तर इतक्या निवांतपणे वाचता येतंय.