गेनू साळिंदराचं उंची रिव्हॉल्वर

एका जंगलात, मुलांनो, एक साळिंदर राहत होतं. जंगल कुठलं ते विचारू नका. ज्या जंगलांत दुकानं असतात, त्यांपैकी एक.

साळिंदराचं नाव गेनू. पाठीवर हे एवढाले काटे. तो चालायला लागला की खुळखुळा वाजल्यासारखं व्हायचं. घरात बायको चिंधाबाई, दोन पिल्लं, आणि घर म्हणजे डोंगराच्या उताराला एक ऐसपैस बीळ. बिळाला पुढून एक आणि मागून एक अशी दोन तोंडं होती. कंद साठवायला कोनाडा होता. कितीही पाऊस पडला तरी आत थेंब येत नसे.

असं बीळ त्या जंगलात दुसरं नव्हतं. म्हणूनच ते रावबा तरसाच्या डोळ्यांत भरलं.

एका सकाळी रावबा दारात येऊन उभा राहिला.

"गेनूभाऊ, बीळ झकास आहे हो तुमचं."

"तुमची कृपा," गेनू म्हणाला.

"यंदा दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं म्हणतोय मी."

"करा की. चांगलं असतं."

"तुमच्याच बिळात करणार आहे. तेवढं रिकामं करून ठेवा."

एवढं बोलून रावबा हसत हसत निघून गेला. तरसं काय, हसतातच. गेनू मात्र आता पिल्लांना घेऊन कुठे जायचं, या विचारात बिळाच्या एका तोंडापासून दुसऱ्या तोंडापर्यंत येरझारा घालू लागला.

"काटे आहेत की तुम्हाला," चिंधाबाई म्हणाली. "पाठ फिरवायची आणि मागे सरकत जायचं. तुमच्या वडिलांनी वाघ पळवला होता तसा."

"वडिलांचा काळ वेगळा होता. हल्ली काट्यांनी कोण लढतं? लोक हसतील."

"हसू देत. बीळ तर राहील."

पण गेनूने ठरवलं होतं. तो तडक वडाखालच्या दुकानात गेला. चिंधाबाईही मागोमाग गेली, कारण एकट्याने खरेदीला गेलेल्या गेनूचा तिला अनुभव होता.

दुकान पिसारे नावाच्या मोराचं होतं. तिथे नाणी चालत नसत. ज्याचं जे धारदार असेल, ते द्यायचं आणि शस्त्र घ्यायचं. अशी त्या जंगलाची रीत होती आणि ती कोणालाच विचित्र वाटत नव्हती.

पिसाऱ्याने आधी एक साधं रिव्हॉल्वर दाखवलं. काळंसावळं, लहानसं, लाकडी मुठीचं.

"याला किती?" चिंधाबाईने विचारलं.

"शेपटीजवळचे मूठभर काटे, काकू. पण हे आपलं... म्हणजे चालतं. लोक नेतात. सशांनी नेलंय."

ससे म्हटल्याबरोबर गेनूने ते खाली ठेवलं.

मग पिसाऱ्याने मखमलीची पेटी उघडली. आत मोठ्या बांध्याचं, निळसर झाक मारणारं, अक्रोडाच्या मुठीचं रिव्हॉल्वर होतं. त्याने चाक फिरवलं. टिकटिक असा आवाज झाला आणि चाक स्वतःच्या मर्जीने थांबलं.

"हातात घ्या, काका. वजन बघा."

गेनूने घेतलं. ते इतकं जड होतं की तो पुढे वाकला.

"जड आहे म्हणून झटका कमी," पिसारे म्हणाला. "आतला एकेक भाग हाताने घासून बसवलाय. चाप ओढलात तर लोण्यात बोट घातल्यासारखं वाटेल. तुमची नातवंडं वापरतील हे."

"याला किती?" चिंधाबाईने पुन्हा विचारलं.

मोराने गेनूच्या पाठीवरून सावकाश नजर फिरवली.

"सगळे."

"सगळे म्हणजे?"

"काकू, सगळे म्हणजे सगळे."

चिंधाबाई म्हणाली, "एक सांगा. गोळी तर दोन्हीतून सारखीच सुटते ना?"

"सुटते."

"आणि रावबाला दोन्हीकडून सारखीच लागेल?"

"लागेल. पण कशाने लागली, हे त्याला कळायला नको?"

गेनूला हा प्रश्न इतका पटला की त्याने तो पाठच करून टाकला. पिसाऱ्याने एकेक काटा उपटायला सुरुवात केली. गेनू ओरडला नाही. एवढी उंची वस्तू घेताना ओरडणं त्याला शोभेना.

"आणि एक लक्षात ठेवा," पेटी बांधताना पिसारे म्हणाला. "एक गोळी सुटली की ते वापरलेलं झालं. मग विकायला गेलात तर निम्मंसुद्धा मिळणार नाही."

गेनू घरी परतला तेव्हा पिल्लांनी त्याला ओळखलं नाही. सोललेल्या रताळ्यासारखा दिसत होता तो.

पुढे आली खंडेनवमी. त्या दिवशी शस्त्रांची आणि अवजारांची पूजा करतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच. चिंधाबाईने कंद खणायचं खुरपं पाटावर ठेवून त्याला हळदकुंकवाचं बोट लावलं. रिव्हॉल्वरलाही लावू लागली, तर गेनूने तिचा हात धरला.

"खुरप्याला बोट आणि यालाही बोट? काही फरक नको?"

"मग काय करू?"

"पंचामृत कर."

चिंधाबाईने कपाळाला हात लावला, पण केलं. दूध, दही, तूप, मध, साखर. गेनूने नळीत ओतलं, चाकात ओतलं, चापाच्या फटीत ओतलं. वर अक्षता वाहिल्या, झेंडूची माळ घातली. पूजेतली वस्तू पुसायची नाही म्हणून ती तशीच ठेवली. मुंग्यांनी लांबून येऊन दर्शन घेतलं.

दसरा उजाडला. चिंधाबाई म्हणाली, "मी पिल्लांना घेऊन मागच्या तोंडाशी थांबते. माझे काटे आहेत जागेवर. पुढचं दार तुमचं आणि तुमच्या त्या उंची रिव्हॉल्वरचं."

रावबा वेळेवर आला. तोंडात आपट्याचं पान होतं. रीत ती रीत.

"सोनं घ्या, गेनूभाऊ."

"सोन्यासारखे राहा," गेनू थरथरत म्हणाला.

"आता व्हा बाजूला."

गेनूने रिव्हॉल्वर रोखलं, डोळे मिटले आणि चाप ओढला. चाप हलेना. मध वाळून घट्ट झाला होता. चाकात अक्षता अडकल्या होत्या. त्याने दोन्ही पंजांनी ओढला. झेंडूचं एक फूल तेवढं खाली पडलं.

आता रावबा झडप घालणार, म्हणून गेनूने अंग आवळलं. बराच वेळ झाला तरी झडप येईना. त्याने एक डोळा उघडला. रावबा मान वाकडी करून रिव्हॉल्वरकडे बघत होता.

"मूठ कसली आहे हो?"

"अक्रोडाची," गेनूच्या तोंडून निघून गेलं.

"अस्सल?"

"म्हणजे काय! हात लावून बघा. एका खोडातून काढलीय दोन्ही बाजूंची." गेनूचं थरथरणं थांबलं. "आणि निळी झाक बघितलीत? अशी उन्हात धरायची. मोठ्या बांध्याचं आहे. झटका लागतच नाही."

"झाडून बघितलंत?"

"छे! झाडून कसं चालेल? निम्मी किंमत जाते."

रावबाने मान डोलावली. त्याचे ओठ कोरडे पडले होते. "सशांकडे असतं तेच का हे?"

"ससे?" गेनू इतका मोकळा हसला की मागच्या तोंडाशी चिंधाबाई दचकली. "रावबा, हे घ्यायला ऐपत लागते. तुम्हाला आपलं ते साधं बरं. वाईट नाही तसं. चालतं."

मुलांनो, रावबाला आयुष्यात कोणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं.

"दुकान कुठे आहे?"

"वडाखाली. माझं नाव सांगा."

"आलोच. बीळ काही पळून जात नाही."

रावबा दुपारी परत आला. त्याच्याकडे गेनूच्या रिव्हॉल्वरपेक्षाही मोठं रिव्हॉल्वर होतं, चांदीच्या नक्षीचं. ते उचलता येत नसल्यामुळे तो ते ओढत आणत होता. दारात येऊन तो विजयाने हसला.

तोंडात एकही दात नव्हता.

"झाडा की मग," गेनू म्हणाला. त्याला आता भीती वाटेना.

"वेडे की काय? नक्षी काळी पडेल," रावबा म्हणाला. बोलताना त्याच्या हिरड्यांतून वारा सुटत होता. "चावून काढतो तुला." त्याने गेनूचा पाय तोंडात धरला आणि चघळला. गेनूला गुदगुल्या झाल्या.

"गेला का तो?" आतून चिंधाबाईने विचारलं.

"नाही गं. बसलाय. जरा कांजी कर. पातळ कर."

पुढे महिने गेले. गेनूच्या पाठीवर हळूहळू पुन्हा काटे उगवले, कारण साळिंदराला ते उगवतात. तरसाला दात उगवत नाहीत. रावबा अजूनही रोज येतो, बिळाबाहेर बसतो, आणि दोघं आपापली रिव्हॉल्वरं उन्हात धरून झाक कोणाची जास्त यावर भांडतात. गिऱ्हाईक पाठवल्याबद्दल पिसाऱ्याने गेनूला एक कातडी म्यान फुकट दिलं.

तात्पर्य : उंची रिव्हॉल्वरची किंमत वसूल होते का? होते, मुलांनो, पुरेपूर होते. मात्र ते शत्रूवर झाडून वेळ घालवू नये. त्याला ते हातात द्यावं, मुठीचं लाकूड सांगावं, आणि दुकानाचा पत्ता द्यायला विसरू नये.