पटवर्धन सरांचा कोडिंगचा तास

पटवर्धन सरांना "बसा" म्हटलं, की ते उभे असतील तिथेच बसतात. आमच्या स्टाफरूमच्या दारात ते दोनदा बसलेत. वर आम्हालाच ऐकवतात, "खुर्चीवर, असं आपण म्हणाला नाहीत."

आमची शाळा मंडईच्या मागे. मी तिसरीला मराठी शिकवते, सर कोडिंग. शाळेत कॉम्प्युटर दोन, त्यातला चालू एक, आणि तो ऑफिसात. पण सरांचं काही अडत नाही. "मी आहे ना! अक्कल शून्य, आज्ञापालन शंभर टक्के." मुलं सूचना देतात, सर तंतोतंत तसं वागतात. "डबा उघडा" म्हटल्यावर उघडला, "खा" म्हटल्यावर झाकणच तोंडात घातलं. पोरं आता घरी आजोबांना "सूचना अपुरी" म्हणतात. मला तर ही निव्वळ थेरं वाटायची.

याच वर्गात वैष्णवी. यवतमाळकडची, वडील स्वारगेटला सुतारकाम करतात. जूनमध्ये ती "बाई, मले पाणी पायजे" म्हणाली, वर्ग खो खो हसला, आणि पोरीनं तोंडच मिटलं. मी समजावलं, रागावले, चॉकलेटही देऊन पाहिलं. छे! शेवटी मुख्याध्यापिकांनी सोमवारी तिच्या आईला बोलावलं. पुन्हा दुसरीत बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं.

त्याआधीच्या शुक्रवारी सरांनी मैदानावर तास घेतला. एकाने "चाला" म्हणायचं, एकाने "थांबा". थांबवायचं काम वैष्णवीकडे. "दुसऱ्या कुणाचं मला ऐकू येणार नाही," सरांनी जाहीर केलं.

सर निघाले. झेंड्याचा खांब गेला, पाण्याची टाकी गेली. वैष्णवी गप्प. सर फाटकाबाहेर पडले.

"अहो सर, रस्ता आहे! थांबा!" मी ओरडले. ढिम्म फरक नाही. समोरून कांद्याची हातगाडी येत होती. तेवढ्यात पोरगी जिवाच्या आकांतानं धावली.

"सर, थांबा ना जी!"

सर थांबले. हातगाडीवाल्यानं चार शब्द सुनावले, तेही मुकाट ऐकून घेतले. हसलं कुणीच नाही. मग ती हळूच म्हणाली, "आता मांगं फिरा." मधली सुट्टी होईपर्यंत तिनं सरांना मैदानभर फिरवलं.

सोमवारी मुख्याध्यापिकांच्या प्रत्येक प्रश्नाला वैष्णवीनं स्वतः उत्तर दिलं, चांगलं "जी" लावून. दुसरीचा विषय निघालाच नाही. मला आनंद झाला, पण सरांवरचा राग काही गेला नव्हता. मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं.

"गाडी अंगावर आली असती म्हणजे? मी ओरडले होते ना!"

"आपण तिच्याऐवजी ओरडलात," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "लहानपणी मी तोतरा होतो. माझं वाक्य बाईच पूर्ण करून टाकायच्या. चांगल्या होत्या हो, मायेनंच करायच्या. पण दहावीपर्यंत वर्गात मी एक वाक्य पुरं बोललो नाही."