वीतभर लांबलेली साखळी

शर्यत संपली की माणसं थांबतात. आमचे झुलाल नाना थांबायचे नाहीत.

जळगावातला एक क्लब दर हिवाळ्यात पंधरा किलोमीटरची दौड भरवायचा. मैदानाच्या फाटकापासून निघायचं, मेहरूण तलावाला वळसा घालून शिरसोलीच्या रस्त्याने पुढे जायचं आणि परत मैदानावर यायचं. ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पोलिसभरती नसताना उगाच पळणारी माणसं गावात मोजकीच होती. पहिल्या तिघांना कप आणि दौड पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला तिरंगी फितीचं पदक मिळायचं. नाना शेवटून दुसरे किंवा तिसरे यायचे. खाकी अर्धी चड्डी, बंडी, डोक्यावर टोपी आणि पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. त्यांनी चुन्याची रेघ ओलांडली की टाळ्या व्हायच्या, पाहुणे फीत फाकवून पुढे यायचे, आणि नाना हात वर करून म्हणायचे, "थांबा. अजून दीडशे मीटर बाकी शेतस."

एवढं बोलून ते मैदानाला वळसा मारायला निघून जायचे. एका वर्षी पाहुणे म्हणून एक निवृत्त मामलेदार आले होते. ते दोन्ही हातांनी फीत ताणून तसेच उभे राहिले आणि फोटोग्राफरने नेमका तेव्हाच फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पेपरात तोच छापून आला. मामलेदार, फीत आणि मध्ये कोणीच नाही.

नाना आमच्या मोजणी ऑफिसात मोजणीदार होते. शेतांच्या हद्दी मोजायच्या, दगड रोवायचे, नकाशे करायचे. मी तिथलाच कारकून आणि राहायलाही त्यांच्या शेजारी, भिंतीला भिंत लागून. नानी वारल्याला बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन सुरतेला होती. फाइलीवर नाना अगदी सरकारी मराठी लिहायचे, पण दौडीचा विषय निघाला की त्यांच्या तोंडी थेट धुळ्याकडची अहिराणी यायची. आणि विषय दुसरा कोणता नसायचाच.

दौडीचं अंतर क्लबाच्या सेक्रेटरींनी स्कूटरवर बसून, स्कूटरच्या मीटरवर मोजलं होतं. नानांना हे कळलं तेव्हा त्यांना रात्रभर झोप लागली नाही. "स्कूटर ते दूध आनानी वस्तू शे," ते मला म्हणाले. "मोजनी पक्की जोयजे." मग त्यांनी लागोपाठ तीन रविवार सगळा रस्ता साखळीने मोजला. सरकारी साखळी नव्हे हं! खासगी कामाला सरकारी पेन्सिलसुद्धा न वापरणारा हा माणूस. बारा वर्षांपूर्वी ऑफिसाने बाद केलेली एक वीस मीटरची लोखंडी साखळी त्यांनी भंगारातून रीतसर विकत घेतली होती. साखळीचं दुसरं टोक धरायला अर्थातच मी. बसस्टँडपर्यंतसुद्धा रिक्षाने जाणारा माणूस मी, नानांच्या पायी पंधरा किलोमीटर वाकत वाकत चाललो. उत्तर निघालं, दौड दीडशे मीटर कमी भरते. तेव्हापासून नाना दर वर्षी ती तूट मैदानावर स्वतःच्या पायांनी भरून काढत आणि मगच मान पुढे करत.

मी त्यांना फार छळायचो. म्हणायचो, "नाना, जे पदक सगळ्यांनाच मिळतं त्याची किंमत काय? उद्या गल्लीतलं कुत्रं पळालं तर त्यालाही द्यावं लागेल."

"पूरं पळनं ते देनं पडी," नाना गंभीरपणे म्हणायचे. मग खुर्ची जवळ ओढायचे. "देख भाऊ. कप कसा भेटस? बाकीना मागे पडतस म्हनीसन भेटस. मेडल कोनाले मागे टाकीसन भेटस नही."

हे ते उगाच बोलत नव्हते. त्यांच्या मोजणीत बांधाच्या एका बाजूला एक भाऊ उभा असायचा, दुसऱ्या बाजूला दुसरा. साखळी टाकली की एकाचं हातभर वाढायचं आणि दुसऱ्याचं तेवढंच जायचं. तीस वर्षं हेच पाहिलेल्या माणसाला, कोणाचंही न जाता सगळ्यांना मिळणारी वस्तू सापडली होती. तिच्यापुढे त्यांना कप म्हणजे पोरखेळ वाटायचा. सावद्याला एकदा केळीच्या व्यापाऱ्यांनी दौड ठेवली आणि पदकाऐवजी प्रत्येकाला केळ्यांची फणी दिली. नाना ती फणी तिथेच टेबलावर ठेवून एसटीने परत आले. "केळं दोन दिनमा काळं पडस," ते म्हणाले. "मेडल पडस का?"

तर अशा नानांनी चार वर्षं सेक्रेटरींच्या मागे लागून शेवटी सुरुवातीची रेघ मागे सरकवून घेतली. फाटकापासून दीडशे मीटर मागे, पाण्याच्या टाकीपाशी. नानांनी स्वतः चुना टाकला. विजयी वीराच्या थाटात ते मला म्हणाले, "आते पक्कं व्हयनं."

त्याच वर्षी क्लबाने एक नवा नियम केला. साडेआठ वाजता मैदान क्रिकेटवाल्यांना रिकामं करून द्यायचं होतं म्हणून दोन तासांच्या आत येईल त्यालाच पदक. नाना दोन तासांच्या जरा आत-बाहेर यायचे. पण घाबरतील ते नाना कसले? दिवाळीपासून त्यांनी पहाटेचा चहा सोडला, जिलबी सोडली, माझ्याशी गप्पा मारणंही कमी केलं. तालमीच्या शेवटच्या रविवारी ते माझ्या घड्याळाने दोन मिनिटं राखून आले.

दौडीच्या दिवशी मी रेघेपाशी उभा होतो. सेक्रेटरींच्या एका हातात घड्याळ होतं आणि तोंडात शिट्टी. दोन तासांना एक मिनिट उरलं तेव्हा नाना फाटकातून आत आले. त्यांच्या मागे दहा-बारा पावलांवर भिकन होता. भिकन जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचा. मूळचा भडगावकडचा, आता मेहरूणला आईबरोबर राहणारा, तिशीचा आडदांड गडी. मी ओरडलो, टोपी हलवली. शिट्टी वाजली तेव्हा नाना रेघेच्या शंभर पावलं अलीकडे होते.

ते आले, थांबले आणि मान खाली घालून उभे राहिले. चाळीस सेकंद उशीर झाला होता. मी सेक्रेटरींना म्हणालो, "अहो, चाळीस सेकंदांचं काय घेऊन बसलात?" सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता, पण चार वर्षं स्कूटरचा अपमान सोसलेला होता. "मोजणी पक्की पाहिजे ना नाना?" तो म्हणाला. "मग घड्याळाचीही पक्की पाहिजे."

"बराबर शे," नाना म्हणाले.

भिकन मात्र मैदानातच खाली बसला. त्याने शाळा अर्धी सोडली होती, तालीम अर्धी सोडली होती, आयटीआयचा कोर्स अर्धा सोडला होता. जिनिंगमध्ये त्याला अर्ध्या म्हणूनच हाक मारत. निघताना आईला तो सांगून आला होता, आज पूर्ण करून पदक आणतो. "आते माय म्हनी, अर्धामाईन उठी उना," तो नानांना म्हणाला आणि बुटाची नाडी सोडत बसला. त्या दोघांनंतर आणखी तिघं आले, पण ते दहा-पंधरा मिनिटांनी.

पंधरा-वीस दिवसांनी ऑफिसात नवीन साखळी आली. साखळी खरी की खोटी ते पाहायला आमच्या आवारात दोन दगड रोवलेले होते, बरोबर वीस मीटरवर. नव्या साखळीच्या कड्या पाहून नानांनी नाक मुरडलं. "पत्रा शे हाई. जुनं लोखंड कसं पक्कं राहस ते दखाडस तुमले." घरी जाऊन ते आपली ती भंगारातली साखळी घेऊन आले. एक टोक या दगडावर मी धरलं, दुसरं त्या दगडावर नानांनी.

साखळी दगडाच्या पुढे वीतभर लोंबत होती.

नानांनी ती झटकली, ताणली, कड्या मोजल्या. परत लावली. वीतभर. वापरून वापरून कड्या फाकल्या होत्या आणि साखळी लांबली होती. नाना दगडावर बसले. मी जागच्या जागी हिशेब केला. पंधरा किलोमीटरला साडेसातशे साखळ्या, दर साखळीला एक वीत, म्हणजे दीडशे मीटर. नशीब, लोकांची शेतं सरकारी साखळीने मोजली होती. पण दौडीचं अंतर पहिल्यापासून बरोबर होतं. स्कूटर बरोबर होती! नाना इतकी वर्षं मामलेदारांना ताटकळत ठेवून फुकट पळत होते, आणि यंदा त्यांनी सगळ्या गावाला दीडशे मीटर जास्त पळवलं होतं.

मी पोट धरून हसलो, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता माझ्या लक्षात आलं. "नाना! दीडशे मीटर जास्त म्हणजे तुमचं एक मिनिट तिथेच गेलं. पंधरा किलोमीटर तुम्ही दोन तासांच्या आतच केलेत. पदक तुमचंच!"

नाना हसले नाहीत. "भिकननं बी," ते म्हणाले.

त्याच संध्याकाळी आम्ही सेक्रेटरींच्या दुकानात गेलो. नानांनी टोपी काढून हातात घेतली आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. "चूक मनी साखळीनी शे. स्कूटर खरी व्हती." हे वाक्य बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला ठाऊक आहे. सेक्रेटरीही चपापला. त्याने कपाट उघडलं, खोका काढला, उपडा केला. आत एकच पदक होतं.

"घ्या नाना. तुमचंच आहे."

नानांनी पदक घेतलं. अंगठ्याने पुसलं. त्या पदकासाठी त्यांनी दिवाळीपासून काय काय सोडलं होतं ते मी भिंतीपलीकडून रोज पाहिलं होतं. मग त्यांनी ते खिशात घातलं आणि मला म्हणाले, "चाल, मेहरूणले."

"अहो, तो पळालेलंही विसरला असेल," सेक्रेटरी म्हणाला.

"त्याले याद शे," नाना म्हणाले.

भिकनच्या घरी त्याची आई तांदूळ निवडत होती. भिकन नुकताच कामावरून आला होता. अंगाला कापूस चिकटलेला. नानांनी त्याला उभं केलं, पदक त्याच्या गळ्यात घातलं आणि आईला म्हणाले, "अक्का, मोजामा चूक मनी हुयनी. तुमना पोऱ्या पूरा पळना. दोन तासना आत."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "पूरा?"

"पूरा."

ती उठली, भिकनच्या गळ्यातलं पदक हातात घेऊन उलटंपालटं पाहिलं आणि शेजारणींना हाका मारल्या. दोन मिनिटांत घर भरलं. भिकन एवढा मोठा गडी, पण भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा म्हातारीने नानांना विचारलं, "नाना, तुमनं कोठे शे?"

"घर शे," नाना म्हणाले. तीस वर्षांत मी त्यांना खोटं बोलताना ऐकलं ते एवढंच.

"संगे लई येतात ना! मी देखती." पदक बरोबर आणायला हवं होतं म्हणे, तिने पाहिलं असतं.

परतताना मी दोनदा पदकाचा विषय काढला, पण नाना आपल्याच नादात चालत होते.

पुढच्या रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. धुतलेला सदरा, हातात कापडी पिशवी. मला वाटलं, बाजाराला निघाले. ते मेहरूणकडे वळले. अक्कांच्या घरी सतरंजीवर बसून त्यांनी पिशवीतून एकेक पदक काढलं. जळगावची चार, धुळ्याचं एक, भडगावचं एक. प्रत्येक वेगळ्या रुमालात गुंडाळलेलं. अक्कांनी एकेक घेऊन पदराने पुसलं आणि मांडीवर ठेवलं.

"हाई कोठलं?"

"हाई धुयानं. तठे मना पायले फोड उना व्हता."

"मंग?"

"मंग... मंग मी बूट काढी टाका. तसाच पळनू."

"मंग?"

मी इतकी वर्षं त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. त्यांच्या पदकांवर मी विनोद मनसोक्त केले होते, ऑफिसात साऱ्यांना हसवलं होतं. पण ती रुमालात गुंडाळलेली असतात हे मला ठाऊक नव्हतं, कारण दाखवा असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. पाणी प्यायच्या निमित्ताने मी उठून ओट्यावर आलो. आत नाना सांगत होते, सावकाश, काहीही न गाळता. आणि ते जरा थांबले की म्हातारी विचारत होती, "मंग?"