शंख वाजला तेव्हा लाफाएले रस्त्यावर होता

डेस्मंडला दाराला कुलूप हवं होतं. झोपड्या भाड्याने देणाऱ्या लाफाएलेने त्याला परोपरीने समजावलं, की साहेब, कुलपाला माझी ना नाही, पण त्याला आधी दार लागतं आणि दाराला भिंत लागते. किनाऱ्यावरच्या झोपडीला खांब, छप्पर आणि पावसात खाली सोडायच्या चटया, एवढंच असतं. सगळ्या सावाई बेटावर असंच असतं.

"जाहिरातीतल्या फोटोत भिंती होत्या," डेस्मंड म्हणाला.

फोटो काढताना चटया सोडलेल्या होत्या, हे सांगायचा धीर काही लाफाएलेला झाला नाही. डेस्मंड सिडनीचा निवृत्त मुख्याध्यापक. त्याच्यापुढे भलेभले विद्यार्थी होऊन बसत. त्याने कोंबड्याबद्दल तक्रार केली, तारोच्या कंदाच्या चवीबद्दल केली, समुद्राच्या आवाजाबद्दलही केली. लाफाएले प्रत्येक वेळी "हो साहेब" म्हणाला. समुद्राबद्दलसुद्धा.

पण डेस्मंड धावायचा, आणि तिथे लाफाएलेची झोप उडाली. सूर्य मावळताना गावात शंख वाजतो. मग सगळा गाव घराघरात प्रार्थनेला बसतो, आणि पुन्हा शंख वाजेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये. गावची तरणीताठी पोरं कमरेला लुंगीसारखा लावालावा नेसून रस्त्याच्या कडेला पहारा देतात. नेमक्या त्याच वेळी डेस्मंड बूट घालून निघाला, कारण तेव्हा हवा थंड असते म्हणे. पोरांनी त्याला हाताला धरून परत आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा म्हातारा मताई, म्हणजे मुखिया, वाएपुना याने लाफाएलेला बोलावून घेतलं.

"पाहुणा तुझा, म्हणजे चूकही तुझीच. पुन्हा झालं तर तुझ्या झोपड्या बंद."

 होडी विकून लाफाएलेने त्या झोपड्या बांधल्या होत्या. त्या बंद पडल्या, तर पुन्हा ऑकलंडला जाऊन मेहुण्याच्या कारखान्यात कोंबड्या सोलायच्या, आणि वर मेहुण्याचे टोमणे ऐकायचे. कोंबड्या एक वेळ परवडल्या असत्या.

त्याने डेस्मंडला हात जोडून विनवलं. डेस्मंडने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं, की मी धावताना कुणाच्या प्रार्थनेत व्यत्यय आणत नाही, आवाजसुद्धा करत नाही. आता या माणसाला काय सांगायचं? लाफाएलेची बायको फुआतिनो म्हणाली, "अरे, त्याचे बूटच लपव. बूट नाहीत तर धावेल कशाने?"

बेत झकास होता. डेस्मंड पोहायला गेल्यावर लाफाएलेने बूट उचलले आणि नारळाच्या ढिगात खुपसले. संध्याकाळपर्यंत त्याच्या घशाखाली जरा घास उतरला. मग ऊन कललं, आणि तो झोपडीकडे डोकावून बघतो तर आत कुणी नाही. फुआतिनो धावत आली. "तो गेला. अनवाणी गेला. अनवाणी धावणं तब्येतीला चांगलं असतं म्हणाला."

आता मात्र लाफाएलेचं डोकं चालेना. त्याने ढिगातून बूट उपसले. बूट दाखवले तरी हा परत फिरेल, एवढंच त्याच्या मनात होतं. बूट हातात घेऊन तो जिवाच्या आकांताने पळत सुटला. चर्च मागे पडलं, शाळा मागे पडली, पण डेस्मंडचा पत्ता नाही. शंख वाजला. तो लाफाएलेने ऐकला आणि तसाच धावत राहिला, कारण आता थांबून तरी काय उपयोग? वाएपुनाच्या घरासमोर पहाऱ्यावरच्या पोरांनी त्याला धरला.

वाएपुनाच्या घरालाही भिंती नाहीत, त्यामुळे आतलं सगळं दिसत होतं. मधोमध, मताईच्या शेजारी, डेस्मंड मांडी घालून, हात जोडून, डोळे मिटून बसला होता. पायाला पोवळ्याचा खडा लागला म्हणून तो शंखाच्या आधीच लंगडत इथे टेकला होता. वाएपुनाच्या म्हातारीने जखम धुऊन फडकं बांधलं होतं. प्रार्थना झाली तशी त्याने खणखणीत आवाजात भजनालाही साथ दिली. वाएपुना त्याच्याकडे कौतुकाने बघत होता.

प्रार्थना संपल्याचा शंख वाजला, डेस्मंडने डोळे उघडले आणि त्याला समोर लाफाएले दिसला.

"हे माझे बूट," तो म्हणाला. "दुपारपासून शोधतोय मी."

प्रार्थनेच्या वेळी रस्त्यावर, आणि हातात पाहुण्याचे बूट. लाफाएले बोलायला गेला, पण जे खरं होतं ते खोट्याहून वाईट वाटत होतं. लाजेने त्याला मान वर करवेना. वाएपुनाने सुस्कारा टाकला. म्हणाला, "पाहुण्याचा काही दोष नाही, त्याला रीत कळली. पण ज्यांचा मालक असा, त्या झोपड्या चालू कशा ठेवायच्या? याची जबाबदारी कोण घेणार?"

 लाफाएलेला मेहुणा दिसायला लागला.

मग डेस्मंड फडकं बांधलेल्या पायावर सावकाश उभा राहिला. "मी घेतो," तो म्हणाला. "अशी पुष्कळ मुलं मी वळणावर आणली आहेत. वेळ लागतो, पण येतात."

वाएपुनाने मान डोलावली. झोपड्या वाचल्या. त्या आनंदात लाफाएलेला रडू फुटलं, आणि डेस्मंडने त्याच्या पाठीवर थोपटलं.

दुसऱ्या दिवशी शंख वाजायच्या बऱ्याच आधी त्याने लाफाएलेला दंडाला धरून चटईवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. फुआतिनोने हळूच विचारलं, की साहेबांचं परतीचं विमान उद्याचंच ना?

"रद्द केलं," डेस्मंड म्हणाला. "हा सुधारेपर्यंत मी कुठे जातोय? लाफाएले, पाठ सरळ."